रक्तातील खुणा आणि त्यांचा अर्थ

प्रयोगशाळेचा अहवाल आणण्यासाठी आता कोणाला हेलपाटा घालावा लागत नाही. तो मोबाइलवर येतो, आणि बहुधा संध्याकाळ उलटून गेल्यावर येतो. डॉक्टरांची नजर त्यावर पडण्यापूर्वीच घरातील चार जणांनी तो पाहिलेला असतो. एका रकान्यात ‘सामान्य मर्यादा’, शेजारी ठळक अक्षरांत आलेला आकडा. त्या दोहोंतील अंतर मनातल्या मनात मोजत घर सकाळची वाट पाहते. तपासणी आईची असेल तर तिला आकडा सांगावा की नाही, यावर मुलांमध्ये कुजबुज होते. सुनेची असेल तर आजी-आजोबांना काही कळू द्यायचे नाही असे ठरते. अशा रात्री ज्यांनी काढल्या आहेत, त्यांच्यासाठी आणि ज्यांच्यावर ती वेळ पुढे येऊ शकते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

शरीरातील एखाद्या घडामोडीची चाहूल देणारा आणि मोजता येणारा पदार्थ म्हणजे जैवखूण. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘मार्कर’. तो रक्तात असेल, लघवीत असेल किंवा काढलेल्या गाठीच्या तुकड्यात असेल. स्त्रियांचे कर्करोग आणि गर्भारपणातील विकार हे दोन विषय वरकरणी एकमेकांपासून दूर वाटतात. एकात वय उताराला लागलेले असते, दुसऱ्यात घरात पाळणा हलायचा असतो. परंतु या खुणांच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंचे नाते फार जवळचे आहे. गर्भाला पोसणारी वार आईच्या गर्भाशयात मुळे रोवते, तेथील रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवते आणि आईच्या प्रतिकारशक्तीला चकवते. कर्करोगाची गाठही नेमके हेच करते. फरक इतकाच की वार ठरलेल्या वेळी थांबते.

जिने वाट दाखवली ती खूण

ती कधी थांबत नाही, तेव्हा काय होते? काही गर्भधारणांत गर्भ वाढतच नाही, वारेच्या पेशी मात्र द्राक्षांच्या घोसासारख्या फुगत जातात. यास डॉक्टर मोलर गर्भधारणा म्हणतात. गर्भाशय रिकामे केल्यानंतर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. थोड्या जणींत त्या पेशी शिल्लक राहून पसरू लागतात, आणि त्यातून क्वचित कोरिओकार्सिनोमा नावाचा कर्करोग होतो. या पेशी एचसीजी हे संप्रेरक तयार करतात. गर्भधारणेच्या घरगुती तपासणीत जी रेघ उमटते, ती याच संप्रेरकामुळे.

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यास मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी या कर्करोगाने फुप्फुसांपर्यंत ग्रासलेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्सेट हे औषध दिले. गाठी विरल्या, क्ष-किरण चित्रे स्वच्छ झाली. सर्वांच्या दृष्टीने काम संपले होते. परंतु ली यांनी लघवीतील एचसीजी मोजणे सोडले नाही, आणि ते पुरते शून्यावर येईपर्यंत औषध चालू ठेवले. डोळ्यांना न दिसणारा रोग त्या आकड्यात शिल्लक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बऱ्या झालेल्या स्त्रियांना हा गृहस्थ उगाच विष पाजतो आहे, असे वरिष्ठांना वाटले आणि ली यांना संस्था सोडावी लागली. पुढे कळले ते असे : ज्यांचे औषध लवकर थांबवले होते त्यांचा रोग परतला, ज्यांचे एचसीजी शून्यावर नेले होते त्यांचा परतला नाही. १९७२ साली या कामासाठी ली आणि हर्ट्झ या दोघांचाही लास्कर पुरस्काराने गौरव झाला. आज या रोगाच्या दहांपैकी नऊहून अधिक स्त्रिया बऱ्या होतात, आणि त्यांपैकी अनेकींना पुढे निरोगी मुले होतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण घरातील वडीलधाऱ्यांशी निगडित आहे. मोलर गर्भधारणेनंतर एचसीजी सामान्य होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी आणि त्यानंतरही काही महिने रक्त तपासावे लागते. या काळात नवी गर्भधारणा टाळायची असते. कारण गर्भ राहिला की एचसीजी पुन्हा वाढणारच, आणि मग ती वाढ बाळाची की रोगाची, हे सांगता येत नाही. ‘एकदा खाली झाले, आता लवकर दुसरे होऊ द्या, म्हणजे मन रमेल,’ असे सुनेला प्रेमाने सांगणाऱ्या सासूबाई आपल्या ओळखीत असतील. त्यांना हे कारण समजावून सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेले ते काही महिने म्हणजे उपचाराचाच भाग आहे.

सीए १२५ : सर्वांत जास्त गैरसमज झालेला आकडा

एचसीजी जितके स्पष्ट बोलते तितके दुसरी कोणतीही खूण बोलत नाही. सीए १२५ तर मुळीच नाही. १९८१ साली बोस्टन येथील रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगपेशींना चिकटणारी प्रतिपिंडे शोधण्याचा उद्योग मांडला होता. एकामागून एक प्रयत्न फसत गेले. जे प्रतिपिंड उपयोगी ठरले त्याचा क्रमांक १२५ होता, आणि तोच आकडा नावात राहिला.

हा पदार्थ म्हणजे एक मोठे प्रथिन. ते अंडाशयाच्या कर्करोगात वाढते हे खरे. परंतु पोटाच्या, फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या भोवतीचे जे पातळ अस्तर असते, त्याच्या पेशीही ते तयार करतात. म्हणून त्या अस्तराला कोणत्याही कारणाने त्रास झाला की आकडा चढतो. मासिक पाळी, गर्भारपणाचे पहिले महिने, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, यकृत बिघडून पोटात झालेले पाणी, हृदय कमजोर झाल्याने साचलेले पाणी, या सर्वांत तो वाढलेला आढळतो. आपल्याकडे यात आणखी एका रोगाची भर घालावी लागते, तो म्हणजे पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजन घटलेले, सोनोग्राफीत अंडाशयापाशी गाठीसारखी सावली आणि सीए १२५ चारशे किंवा पाचशे. हे चित्र पसरलेल्या कर्करोगाचे असू शकते, तसेच सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या क्षयाचेही असू शकते. केवळ आकड्यावरून ‘शेवटची अवस्था’ असा निष्कर्ष काढून कुटुंबाने हात टेकू नयेत. पाण्याची किंवा तुकड्याची तपासणी होईपर्यंत निदान झालेले नसते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. सामान्य मर्यादा ३५ धरली जाते. अंडाशयाचा कर्करोग अगदी आरंभीच्या टप्प्यात असताना सुमारे निम्म्या स्त्रियांत सीए १२५ या मर्यादेच्या आतच असते. म्हणजे ज्या वेळी कळायला हवे, नेमक्या त्याच वेळी ही खूण अर्ध्या जणींबाबत गप्प राहते.

तरीही ‘दरवर्षी सर्वच स्त्रियांची तपासणी केली तर?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो फार मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८ हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची दरवर्षी सीए १२५ आणि सोनोग्राफी केली गेली. २०११ साली निष्कर्ष आला : अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र ३,२८५ स्त्रियांच्या तपासणीत खोटी शंका निघाली, त्यांपैकी १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली, आणि १६३ जणींना त्या शस्त्रक्रियेमुळे किमान एक गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. या १६३ स्त्रियांना कर्करोग नव्हता, हे विसरू नये. ब्रिटनमध्ये याहून मोठा, दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथे एका आकड्यावर विसंबण्याऐवजी वर्षानुवर्षे आकडा कसा बदलतो ते पाहिले गेले. काही रोग लवकर सापडलेही. परंतु २०२१ साली जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षात मृत्यूंची संख्या तेवढीच राहिली.

म्हणून वाढदिवसाला आईला ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची भेट देणाऱ्या मुला-मुलींना माझे सांगणे आहे की, त्या यादीत सीए १२५ असेल तर ती ओळ खुशाल काढून टाकावी. तक्रार नसलेल्या स्त्रीला ही तपासणी बहुधा काळजीच विकत घेऊन देते. तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. पन्नाशीनंतर प्रथमच पोट सतत फुगलेले वाटणे, चार घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, अशा तक्रारी महिन्यात बारा दिवसांहून अधिक जाणवत असतील, तर त्यांना ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओव्याच्या अर्कावर सोडून देऊ नये. अशा वेळी सीए १२५ आणि पोटाची सोनोग्राफी यांना खरा अर्थ असतो. पाळी गेलेल्या स्त्रीत, गाठ दिसत असताना वाढलेला आकडा तरुण स्त्रीच्या तुलनेत कितीतरी गांभीर्याने घेतला जातो.

उपचार चालू असताना या आकड्याचा उपयोग निर्विवाद आहे. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीनंतर तो उतरत असेल तर औषध लागू पडते आहे. उपचार संपल्यानंतरचा काळ मात्र कुटुंबाच्या कसोटीचा असतो. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे, दोन दिवस अन्न गोड लागत नाही, आणि आकडा बारावरून अठरावर गेला तरी, तो मर्यादेत असूनही, घर हवालदिल होते. याबाबत २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक देखभालकर्त्याला ठाऊक असावा. रोग आटोक्यात आल्यानंतर ज्या स्त्रियांचे सीए १२५ पुन्हा वाढू लागले, अशा ५२९ जणींचे दोन गट केले गेले. एका गटास आकडा वाढताच केमोथेरपी दिली, दुसऱ्या गटास प्रत्यक्ष त्रास किंवा लक्षणे दिसल्यावर दिली. पहिल्या गटाचे उपचार जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाले. आयुष्य तेवढेच राहिले. मात्र लवकर औषधे घेणाऱ्यांचे दिवस अधिक त्रासात गेले. त्यानंतर नवी औषधे आली आहेत, निवडक रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रियाही होते, त्यामुळे आपले डॉक्टर ही तपासणी चालू ठेवतील आणि ते योग्यही असेल. तरीही, ‘दर किती महिन्यांनी तपासायचे, आणि आकडा वाढला तर आपण नेमके काय करणार आहोत?’ हे दोन प्रश्न शांतपणे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. एखादी सत्तरीतील बाई म्हणाली, ‘मला तीर्थयात्रा करून येऊ द्या, मग तपासू,’ तर ते वेडेपण समजू नये.

दोन व्यावहारिक गोष्टी. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. यंत्र बदलले की आकडाही थोडा बदलतो, आणि तो बदल रोगाचा नसतो. दुसरे, केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या काही यंत्रांवरील संप्रेरकांच्या व मार्करच्या तपासण्या बिघडवतात. रक्त देण्यापूर्वी त्या चालू आहेत हे सांगावे.

गाठीतील खुणा

स्तनाच्या कर्करोगात महत्त्वाच्या खुणा रक्तात नसून सुईने काढलेल्या तुकड्यात असतात. सीए १५-३ ही रक्ततपासणी निदानासाठी उपयोगी नाही, एवढे म्हणून ती बाजूला ठेवू. तुकड्यावर तीन गोष्टी पाहतात : इस्ट्रोजेनचे ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन. ‘या वयात कशाला उपचार? तिला आता शांतपणे राहू द्या,’ असे ऐंशीच्या घरातील स्त्रीविषयी चांगल्या मनाने बोलले जाते. पण बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, उतारवयातील स्तनाच्या बहुतेक कर्करोगांत इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात, आणि अशा रोगाला रोजची एक गोळी वर्षानुवर्षे आवर घालू शकते. ना सलाईन, ना केस गळणे. मोठी शस्त्रक्रिया ज्यांना झेपणार नाही त्यांनाही हा मार्ग मोकळा असतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून हाडांची घनता तपासावी लागते. टॅमॉक्सिफेन घेताना अंगावरून रक्त गेल्यास लगेच कळवावे लागते. एवढे सांभाळले की झाले.

हर-टू एके काळी वाईट बातमी होती. ज्या रोगात हे प्रथिन अतोनात वाढते तो झपाट्याने पसरतो. १९९८ साली ट्रॅस्टुझुमॅब हे नेमके त्याच प्रथिनाला धरणारे औषध अमेरिकेत मान्य झाले आणि ती बातमी बदलली. अहवालात हर-टूपुढे ‘२+’ असे लिहिलेले असेल तर ते ‘हो’ही नसते आणि ‘नाही’ही नसते, फिश नावाची पुढील तपासणी करावी लागते. तिचा खर्च आणि आठवडाभराचा विलंब टाळण्याचा मोह होतो. तो टाळू नये, कारण पुढच्या वर्षभराचे औषध त्यावर ठरते. तिन्ही खुणा नसलेला, ट्रिपल निगेटिव्ह म्हणून ओळखला जाणारा प्रकार आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, आणि तरुण स्त्रियांत विशेष.

येथेच बीआरसीए या जनुकांचा उल्लेख करावा लागेल. या जनुकात दोष असलेल्या स्त्रीस स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक स्त्रीने, मग ती सत्तरीची का असेना, ही तपासणी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. त्यावर तिच्या औषधाची निवड ठरते. शिवाय तिच्या मुली, नाती, बहिणी आणि भाच्या यांच्यापैकी कोणी सावध राहायचे हे त्यातून कळते. आणि हा दोष वडिलांकडूनही येतो. ‘माझ्या माहेरी कोणाला नाही’ एवढ्यावर थांबू नये. आत्या आणि वडिलांची आई यांची आठवण काढावी.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाला भरवशाची रक्ततपासणी नाही. त्याची खूण साध्या डोळ्यांना दिसते : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेला एखादा डाग. कितीही थोडा असला तरी तो डॉक्टरांना दाखवावा. संकोचाने हा डाग धुऊन टाकणाऱ्या आजी घरोघरी आहेत. सुनेने किंवा लेकीने कधीतरी सहज विचारले तर त्या सांगतात, असा अनुभव आहे.

उस्मानाबादच्या गावांतून

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण म्हणजे एचपीव्ही या विषाणूचे अस्तित्व. तिचे मोल जगाला ज्या अभ्यासाने पटवून दिले, तो मराठवाड्यात झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा त्यात सहभाग होता. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप तपासणी, काहींत ॲसिटिक आम्ल लावून नजरेने पाहणी, आणि काहींत नेहमीची व्यवस्था. प्रत्येकीची तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी हिशेब मांडला गेला तेव्हा नेहमीच्या व्यवस्थेतील गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. इतर दोन पद्धतींनी त्या अभ्यासात मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. आज जागतिक आरोग्य संघटना पस्तिशी आणि पंचेचाळिशीत प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी व्हावी असे जे म्हणते, त्यामागे शेतावर राबणाऱ्या या बायांनी दिलेला पुरावाही आहे.

घरातील नऊ ते चौदा वर्षांच्या नातीसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस २०२३पासून मिळू लागली. लेक-सून तपासणीच्या वयात असेल तर तिला आपण सोबत करावी. आणि ज्यांची आजवर एकदाही तपासणी झालेली नाही, त्यांनी साठी उलटली म्हणून ती सोडून देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

वारेची चाहूल

पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि तेथे मुलीजवळ सदैव कोणी असते तर ती आजी. म्हणून गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या विकाराची, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची माहिती तिला हवी. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, आणि वेळीच आवरले नाही तर झटके येतात. पूर्वीच्या काळी या झटक्यांना बाहेरचे काही समजून अंगारे-धुपारे केले जात. कारण वारेत असते.

बोस्टन येथील अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ साली दाखवले की, नीट न रुजलेली वार एक प्रथिन आईच्या रक्तात प्रमाणाबाहेर सोडते, आणि ते प्रथिन रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणाऱ्या घटकांना पकडून निकामी करते. या शोधातून आलेली तपासणी आता मोठ्या शहरांत होते. तिच्यात हानिकारक प्रथिन आणि वारेचा वाढघटक यांचे गुणोत्तर काढतात. शंका असलेल्या गर्भवतीत ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढील आठवडाभरात हा विकार होण्याची शक्यता अगदी अल्प असते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मुलीला रुग्णालयात ठेवायचे की घरी न्यायचे, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. ही तपासणी गावात मिळत नाही म्हणून हळहळू नये. रक्तदाबाचे यंत्र आणि लघवीची तपासणी आजही पहिल्या क्रमांकावर आहेत. धोका अधिक असलेल्या गर्भवतीस सोळाव्या आठवड्यापूर्वीपासून ॲस्पिरिनची लहान मात्रा दिल्यास हा विकार लवकर उद्भवण्याचे प्रमाण बरेच घटते. ती गोळी मात्र केवळ डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी.

लेकीचे डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा एकाएकी सुजला असेल, तर सकाळची वाट पाहू नये. बाळंत झाल्यावरही पहिले काही आठवडे हा धोका राहतो. बाळंतिणीची डोकेदुखी ‘जागरणाने’ असे म्हणून झाकली जाते, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

आता कर्करोगाशी असलेले एक विलक्षण साम्य पाहा. अंडाशयाच्या कर्करोगात वापरले जाणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखते. तेही रक्तवाहिन्यांच्या त्याच वाढघटकाला पकडते, ज्याला बिघडलेल्या वारेचे प्रथिन पकडते. परिणाम काय? साठ वर्षांच्या रुग्णाचा रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागते, अगदी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या पंचविशीतील मुलीप्रमाणे. आपल्या घरी हे औषध कोणाला चालू असेल तर रक्तदाबाचे यंत्र घरी ठेवावे, आकडे वहीत लिहावेत आणि लघवीची तपासणी चुकवू नये.

गर्भारपणातील खुणांचे महत्त्व बाळंतपणाबरोबर संपते, असा समज दीर्घकाळ होता. तो चुकीचा ठरला आहे. ज्या स्त्रीस प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, तिला पुढील आयुष्यात हृदयविकार होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट असते. पक्षाघाताचा धोकाही त्याच सुमारास, आणि कायमचा उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता तर तिपटीहून अधिक. गर्भारपणी मधुमेह झालेल्या स्त्रीत पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला आहे. जणू ते नऊ महिने शरीराची एक चाचणी घेतात, आणि निकाल तीस वर्षांनी हाती येतो.

वाचक भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींची बाळंतपणे १९७० किंवा १९८०च्या दशकांत झाली. तेव्हाचे कागद आता नाहीत. परंतु ‘दुसऱ्या खेपेला पाय सुजले होते, रक्तदाबासाठी पंधरा दिवस दवाखान्यात ठेवले होते, सातव्या महिन्यातच मूल झाले,’ हे आपल्याला लख्ख आठवते. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते तंबाखू विचारतील, साखर विचारतील, वडिलांना झटका आला होता का ते विचारतील. पन्नास वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाविषयी बहुधा विचारणार नाहीत. आपण होऊन सांगावे. सोबत येणाऱ्या मुलाने किंवा सुनेने हे आधीच विचारून फाइलीच्या पहिल्या पानावर मधुमेह व औषधांच्या ॲलर्जीशेजारी लिहून ठेवावे : कितव्या खेपेस, कोणत्या महिन्यात, झटके आले होते की नाही, बाळाचे वजन किती भरले. मग वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, चरबी आणि लघवीतील प्रथिन यांची तपासणी करून घेणे पुरते. आणि त्या आकड्यांकडे डॉक्टर थोड्या अधिक काटेकोर नजरेने पाहतील.